पीटी सरांच्या डोळ्यातला उंचवटा

अंतरवाली सराटीत तातेराव काळबांडे यांचं घर कुठं, असं विचारलं तर माणसं जरा घुटमळतात. पीटीच्या सरांचं घर म्हटलं की चहाच्या टपरीवरचे चार हात एकदम एकाच दिशेला वर होतात. सर शाळेतून निवृत्त झाले त्याला कैक वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. घरात बनियनवर असली तरी शिट्टी, लग्नाला निघाले की सफारीच्या आत शिट्टी. त्यांची बायको दैवशाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या गळ्यात मंगळसूत्र, ह्यांच्या गळ्यात शिट्टी. ह्यांचं लगीन नेमकं कुणाशी लागलं, त्या भटजीलाच ठाऊक."

अंबड तालुक्यात कुठंही खो-खोच्या स्पर्धा असल्या की मैदान आखायला सरांनाच बोलावणं यायचं. मैदान आखायचं म्हणजे दोन खांबांमध्ये सुतळी ताणायची आणि तिच्या कडेनं पांढरी फक्की सोडत जायची. सुतळीचं एक टोक सरांच्या हातात, दुसरं निजामोद्दीनच्या, आणि फक्की सोडायची ती सरांनीच. निजामोद्दीन त्याच शाळेत शिपाई होता, सरांच्याच मागेपुढे निवृत्त झाला. दोघांनी मिळून किती मैदानं आखली याचा हिशेब नाही, आणि एकही मैदान भांडणाशिवाय आखलं नाही. सर त्याला निजाम म्हणायचे, तो सरांना तात्या. सरांना अरेतुरे करणारा गावात तो एकटाच.

त्या वर्षी थंडीत तालुक्याच्या मुलींचे सामने गावच्या शाळेत ठरले. आदल्या दिवशी सकाळी दोघं मैदानावर हजर झाले. खांब रोवले, सुतळी बांधली. सर खाली वाकून सुतळीच्या रेषेत बघू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"निजाम, ताण की जरा! सुतळीला मधीच पोट आलंय."

"सुतळीला न्हाई, तुला आलंय पोट," निजामोद्दीन पलीकडून ओरडला. "इतकी ताणली की हात लावला तर वाजून राह्यली."

"मला दिसून राह्यलं ना! आंधळा समजतो का मला?"

निजामोद्दीननं सुतळीला आणखी एक वेढा दिला. सरांना पोट दिसायचं ते दिसतच राहिलं. शेवटी त्यांनी वैतागून सुतळीचा नाद सोडला. एवढी वर्षं मैदानं आखली, आता रेघ मारायला सुतळी कशाला, असं म्हणून त्यांनी फक्कीचा डबा उचलला आणि नुसत्या नजरेच्या अंदाजानं या खांबापासून त्या खांबापर्यंत रेघ ओढली. कंबर सरळ करून मागे वळून पाहिलं. रेघ कशी सरळसोट दिसत होती. त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात सरावाला मुली आल्या. शाळेच्या संघाची कर्णधार अक्षता खांबाजवळ उभी राहिली, एक डोळा बारीक करून तिनं रेघ पाहिली आणि म्हणाली, "सर, ही पाटीची रेघ नदीवानी वाकडीतिकडी कामून गेली?"

सगळा संघ खिदळला. सरांनी शिट्टी फुंकली, मुली गप्प झाल्या. पण सर काही गप्प बसले नाहीत. "वाकडी? थांबा, दाखवतो," असं म्हणून ते पावलापुढं पाऊल ठेवत रेघेवरून चालू लागले. नजर सांगत होती की आपण सरळ चाललोय. पाय मात्र कधी उजवीकडं वळत होते, कधी डावीकडं. निम्म्या वाटेत ते थांबले. इतक्या वर्षांत पाय आणि डोळे यांचं असं भांडण कधी लागलं नव्हतं. ते तिथंच मातीत बसले.

निजामोद्दीन सुतळी सोडून जवळ आला. त्याला चेष्टा करायला याहून चांगली संधी मिळाली नसती. पण त्यानं चेष्टा केली नाही. तो समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "तात्या, एक डोळा झाक."

"कशाला?"

"झाक तर."

सरांनी डावा डोळा झाकला. सुतळी बाणासारखी सरळ, आणि त्यांनी ओढलेली रेघ खरंच नदीसारखी. मग त्यांनी हात बदलून उजवा झाकला. सुतळीला पोट आलं. उजवा तसाच झाकून त्यांनी समोर निजामोद्दीनकडं पाहिलं. त्याचे कान दिसत होते, दाढी दिसत होती, टोपी दिसत होती. मधोमध मात्र कुणी ओलं बोट फिरवावं तसं पुसट झालेलं.

"निजाम, तुझं नाक कुठं गेलं?"

"नाक जाग्यावर हाय," निजामोद्दीन म्हणाला. "तुझ्या डोळ्याचं काहीतरी बिघडलंय."

त्या दिवशी पहिल्यांदाच कामं उलटी झाली. सरांनी सुतळी धरली आणि फक्की निजामोद्दीननं मारली. मैदान झकास झालं, सामनेही रंगले. पण सरांचं लक्ष सामन्यात नव्हतं. मोतीबिंदू असेल, कापूस निघाला की दाखवू, असं ते घरी सांगू लागले. निजामोद्दीननं त्यांचं काही ऐकलं नाही. त्याची सून अफ्रीन जालन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती, डोळ्यांचे फोटो काढायची. त्यानं तिला फोन लावला आणि फोन सरांच्या कानाला चिकटवला.

"सर, सरळ रेघ वाकडी दिसते म्हणता?" अफ्रीननं विचारलं. "मग कापसाची वाट पाहू नका. उद्याच या."

दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीवरून बस पकडून दोघं जालन्याला गेले. दवाखाना जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या अंगाला. खाली कापडाची दुकानं, रस्त्यात रिक्षांची गर्दी आणि वरच्या मजल्यावर शांत, अंधारी खोली. डोळ्यांत थेंब घालून सरांना बराच वेळ बसवून ठेवलं होतं. मग अफ्रीननं त्यांना एका यंत्रासमोर बसवलं.

"सर, हनुवटी इथं टेकवा. कपाळ पट्टीला लावा. आत हिरवी फुली दिसेल, तिच्याकडं बघत राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

हजारो पोरांना 'हलू नको' म्हणून दरडावलेले सर यंत्रासमोर मिनिटभर नीट बसू शकेनात. उजव्या डोळ्याचं कसंबसं जमलं. डाव्याच्या वेळी ते सारखं डोकं हलवू लागले.

"फुली कुठाय पण? मला न्हाई दिसत फुली."

"डोळे वटारून बघ की," दारातून निजामोद्दीन म्हणाला. "पोरांवर वटारायचास तसे."

"अब्बा, तुम्ही बाहेर बसा," अफ्रीन मागे न वळता म्हणाली. निजामोद्दीन निमूट बाहेर जाऊन बसला. मग ती सरांना म्हणाली, "नाही दिसली तरी चालेल सर. जिथं असेल असं वाटतं, तिथं शांतपणे बघा. बाकीचं माझ्यावर सोडा."

तिच्या आवाजात घाई नव्हती. सरांनी श्वास आत घेतला आणि कुठंतरी अंधारात नजर लावली. यंत्र बारीक गुणगुणलं. "झालं, सर. छान बसलात," ती म्हणाली, आणि शाबासकी मिळालेल्या पोरासारखं त्यांना वाटलं.

डॉक्टर साधनाबाईंनी तो फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. सरांना वाटलं होतं, डोळ्याचा फोटो म्हणजे बुबुळ, पापण्या असं काही असेल. हे भलतंच होतं. काळ्यापांढऱ्या रंगाचे, एकावर एक रचलेले थर.

"ही तर विहीर हाय," सर म्हणाले. "खोदताना काठाला दिसते तशी. वर काळी माती, खाली मुरूम, मंग खडक."

डॉक्टरीण बाई हसल्या. "बरोबर तसंच आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. त्याचा हा उभा काप. कुठंही न कापता यंत्र प्रकाशानं काढतं. आता हा तुमचा उजवा डोळा. थर कसे सपाट पडलेत. खाली हे बारीक बारीक टेकाडासारखं दिसतं ना, ते पिवळे ठिपके. उतारवयात बऱ्याच जणांना असतात. आणि हा डावा."

डाव्या डोळ्यात पडद्याच्या ऐन मध्यावर थर वर उचलले गेले होते. जमिनीखालून उंदरानं माती उकरून वर फेकावी तसा उंचवटा आणि त्याच्या खाली काळी पोकळी.

"ते पाणी आहे," बाई म्हणाल्या. "पडद्याखाली नको तिथं नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवल्यात. त्या पाझरतात आणि पडदा वर उचलला जातो. त्यामुळं त्याच्यावर पडलेली सरळ रेघ तुम्हाला वाकडी दिसते. वाढत्या वयात पडद्याच्या मधल्या भागाला होणारा हा आजार आहे. तुम्ही लवकर आलात."

सर बराच वेळ त्या उंचवट्याकडं बघत राहिले. आजाराचं नाव ऐकून माणूस खचतो. सरांचं उलटंच झालं. मैदानावरच्या त्या सकाळपासून त्यांना वाटत होतं की आपला हात गेला, अंदाज गेला, आपण म्हातारे झालो. तसं काही नव्हतं. सगळी गडबड त्या एवढ्याशा उंचवट्याची होती आणि तो समोर दिसत होता.

"म्हंजे सुतळी बराबर होती," ते म्हणाले.

"मी दुसरं काय सांगून राह्यल्तो?" निजामोद्दीन कधी आत येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, असं कळल्यावर मात्र सरांची छाती जरा आत गेली. "डोळ्यातच द्यायला पायजे का? दंडात द्या, कमरेत द्या. आमच्या गावचा डॉक्टर सगळं कमरेतच देतो." बाईंनी समजावलं की आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई अगदी बारीक असते. सर टेबलावर आडवे झाले तेव्हा त्यांनी शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. डोळ्यावर कुणी बोटानं दाबल्यासारखं वाटलं आणि बाई म्हणाल्या, "उठा."

"झालं? अहो, मी तर अजून घाबरायचा बाकी होतो."

महिन्यानं दुसरं, मग तिसरं. दर खेपेला आधी अफ्रीनकडं फोटो. प्रत्येक फोटोत उंचवटा आधीपेक्षा खाली बसलेला. चौथ्या खेपेला डाव्या डोळ्याला हिरवी फुली दिसली, जरा वाकडी, पण दिसली. सर हनुवटी न हलवता दात आवळूनच म्हणाले, "आली! फुली आली!" आणि अफ्रीनला तो फोटो पुन्हा काढावा लागला.

त्याच दिवशी डॉक्टरीण बाईंनी विषय काढला. त्या एक अभ्यास करत होत्या. साठीच्या पुढच्या माणसांच्या डोळ्यांचे फोटो दर काही महिन्यांनी काढायचे, सलग दोन-तीन वर्षं. पिवळे ठिपके कुणाचे वाढतात, कुणाचे तसेच राहतात, कुणाच्या डोळ्यात पाणी साचतं आणि त्याच्या आधी फोटोत काही खूण दिसते का, हे बघायचं होतं. खूण सापडली तर पुढं माणूस आंधळेपणाच्या वाटेला लागण्याआधीच अडवता येईल. त्यासाठी खेड्यातली माणसं हवी होती. आजार असलेली आणि निरोगीसुद्धा.

"यातून तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही, सर," त्या म्हणाल्या. "मधेच सोडावंसं वाटलं तरी सोडता येईल. उपचार चालूच राहतील."

सरांनी फार विचार केला नाही. "किती माणसं पायजेत?"

गावात माणसं गोळा करणं मात्र सोपं गेलं नाही. चौकातल्या टपरीवर हजार शंका निघाल्या. कुणी म्हणालं, डोळ्याची ताकद ओढून घेतात. कुणी म्हणालं, थेंब घातले की दिवसभर ऊन सोसत नाही. हे दुसरं खरं होतं, ते सरांनी कबूल केलं. म्हातारे रखमाजी कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "सर, आतला फोटो म्हणता. मनातलं बी दिसतं का त्यात?"

"मनातलं दिसत असतं तर मी दैवशालाला आधी न्हेली असती," सर म्हणाले.

रखमाजी तयार झाले, आणि रखमाजी निघाले म्हटल्यावर बाकीचेही हळूहळू हो म्हणाले. मग सरांच्या अंगात जुना पीटीचा तास संचारला. संध्याकाळी ओसरीत टेबलावर पातेलं पालथं घातलं जायचं. त्याच्या बुडावर हनुवटी टेकवून एकेकानं भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत बसायचं. मान हलली की शिट्टी. बोललं की शिट्टी. दैवशाला स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, भाताचं पातेलं द्या आधी! गावाच्या हनुवट्या मंग टेकवा!"

ठरलेल्या दिवशी दोन जीप भरून माणसं जालन्याला गेली. अफ्रीन एकेकाला बोलावत होती आणि एकेक जण येऊन असा बसत होता की जणू आयुष्यभर हेच काम केलंय. ना मान हलत होती, ना तोंड. एरवी एकेका म्हाताऱ्यापाशी तिचा कितीतरी वेळ जायचा. शेवटी ती दारात येऊन म्हणाली, "सर, यांना काय केलंत तुम्ही?"

"सराव," सर म्हणाले.

निरोगी माणसांत दैवशालेचा नंबर लागला. ती आधी फुरंगटली. "मला काई झालंच न्हाई तर मला कशाला बसवता?" बाईंनी सांगितलं की बिघडलेलं ओळखायचं तर चांगलं कसं असतं तेही समोर पाहिजे. तेवढं ऐकलं आणि ती पदर सावरून ऐटीत यंत्रापुढं बसली. तिचा पडदा खरंच स्वच्छ निघाला. त्यानंतर गावात कुणी नुसतं कशी आहेस म्हणून विचारलं तरी ती पडद्यापर्यंत पोचायची.

एकच माणूस फोटोला बसला नव्हता. निजामोद्दीन जीप ठरवायचा, म्हाताऱ्यांना हात धरून जिना चढवायचा, सगळ्यांना चहा आणून द्यायचा. स्वतःची वेळ आली की कुठंतरी गायब व्हायचा. अफ्रीन सून, ती सासऱ्यावर जबरदस्ती कशी करणार? तिसऱ्या खेपेला सरांनी त्याला जिन्याखाली बिडी ओढताना गाठलं.

"भ्या वाटतं का तुला?"

सरांना वाटलं, आता हा भांडणार. निजामोद्दीननं बिडी विझवली. "तात्या, आमच्या अब्बांचे डोळे असेच गेल्ते. मधी काळं, कडंकडंनं दिसायचं. शेवटी शेवटी मला आवाजावरून वळखायचे. तव्हा काही इलाज नव्हता. आता मला बी ते हाय असं आधीच कळलं, तर मी रोज सकाळी उठून तेच बघत बसंन."

सर त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"मला कळलं म्हणून माझा डोळा वाचला," ते म्हणाले. "अन् मला कुणी आणलं इथं?"

निजामोद्दीन उठला आणि जिना चढू लागला. आत गेल्यावर त्यानं हनुवटी टेकवली, टोपी मांडीवर ठेवली. अफ्रीन खूप हळू म्हणाली, "अब्बा, हिरव्या फुलीकडं." सर शेजारच्या स्टुलावर बसून राहिले.

ठिपके होते. दोन्ही डोळ्यांत, मोठे मोठे. पाणी मात्र कुठंच नव्हतं. बाईंनी सांगितलं, घाबरायचं कारण नाही, पण नजर ठेवायची आणि बिडी आजपासून बंद. निजामोद्दीननं खिशातलं बंडल काढून सरांच्या हातात दिलं. पुढचे कितीतरी दिवस सर त्याच्या शर्टाचा वास घेत फिरायचे. दोनदा पकडलाही. दोन्ही वेळा चौकात भांडण झालं, दोन्ही वेळा टपरीवाल्याला मजा आली. मग हळूहळू बिडी खरोखरच सुटली.

दवाखान्यातून दोघांना चौकटी आखलेला एकेक कागद मिळाला होता. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्याकडं बघायचं, रेघ वाकली की लगेच फोन करायचा. दोघांनी तो आपापल्या भिंतीवर लावला. तेव्हापासून त्यांचा रामराम-सलाम बदलला. सकाळी फोन वाजायचा.

"चौकटी?"

"बराबर. तुझ्या?"

"उजव्यात बराबर. डाव्यात जराशी लहर हाय, कालच्याइतकीच."

"मंग ये चहाला."

सरांचा डावा डोळा पहिल्यासारखा झाला नाही. पेपरातली बारीक अक्षरं त्याला लागत नाहीत, अधूनमधून इंजेक्शनही घ्यावं लागतं. पण निजामोद्दीनचं नाक त्यांना आता दोन्ही डोळ्यांनी दिसतं. मैदान ते अजून आखतात. उजव्या डोळ्यानं बघतात, सुतळीवर विश्वास ठेवतात आणि शेवटी निजामोद्दीन ठीक आहे म्हणाला तरच डबा खाली ठेवतात. तो लवकर म्हणत नाही, हा भाग वेगळा.

यंदा उन्हाळ्यात डॉक्टर साधनाबाई आणि अफ्रीन स्वतः गावात आल्या. ज्यांनी फोटो दिले त्यांना काय दिसलं ते सांगायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. शाळेच्या एका वर्गात खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि भिंतीवर फोटो दाखवले. नावं कुणाचीच नव्हती. आधी थरांचे, मग समोरून काढलेले रंगीत. भिंतीभर केशरी गोळा, एका कडेला उजळ गोल चकती आणि तिच्यातून निघालेल्या लाल शिरा, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. आपल्या आत असं काही असेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंनी सांगितलं की कुणाचे ठिपके वाढले, कुणाचे होते तसेच राहिले. एका माणसाच्या डोळ्यात पाणी साचायला लागलं होतं. त्याला काही जाणवण्याआधीच ते फोटोत दिसलं आणि त्याचे उपचार सुरू झाले. खूण काय ते अजून पक्कं सांगता येत नाही, आणखी फोटो लागतील. लोक माना डोलवत होते. पण त्यांचं निम्मं लक्ष भिंतीवरच्या शेवटच्या फोटोकडं होतं. तो फोटो फारच देखणा होता, एकही डाग नसलेला.

"हा माझा," रखमाजी म्हणाले.

"तुमचा कसा? तुमच्या डोळ्यात तर ठिपके निघाल्ते," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी दोघांनी हक्क सांगितला. निजामोद्दीननंही हात वर केला, त्याला सरांनी खाली बसवला. मग दैवशाला उभी राहिली.

"बसा समदे. तो माझा हाय. डाग न्हाई एक बी."

अफ्रीन हसली, पण नाव काही सांगितलं नाही. कुणाचा फोटो कुणाला सांगायचा नाही, असा नियमच होता. सगळे पांगल्यावर दैवशाला एकटीच तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "पोरी, दुसऱ्याचं नको सांगू. माझा मला तरी देशील का? लग्नात बी माझा इतका चांगला फोटो आला नव्हता."

पुढच्या खेपेला अफ्रीननं तिचा फोटो मोठा काढून दिला. दैवशालेनं अंबडला जाऊन त्याला सोनेरी चौकट करून आणली आणि बैठकीत देवादिकांच्या ओळीत लावली. नवा पाहुणा आला की त्याची नजर तिकडं जातेच. कुणाला तो सूर्य वाटतो, कुणाला एखादा ग्रह. एकानं तर चप्पल काढून हात जोडले होते.

"माझा उजवा डोळा हाय तो," ती सांगते. "बसा. चहात साखर किती टाकू?"